सॉफ्टवेअरचाही मेंटेनन्स भरा

पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संचालकांना खुलं पत्र

सन्माननीय संचालक,



मागच्या वर्षी फेब्रुवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला मला एक मेल आला. पाठवणारे गृहस्थ पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांची-माझी ओळख नाही. मजकूर चार ओळींचा होता: तुमच्या कन्व्हर्टरमुळे आमच्या यादीतली नावं चुकली आहेत, सोमवारी सकाळी आमचं गो-लाइव्ह आहे, रविवारपर्यंत दुरुस्ती हवी. सोबत एक एक्सेल फाइल. ती उघडली आणि पहिल्याच पानावर काय बिघडलंय ते दिसलं. कऱ्हाडे आडनावाच्या प्रत्येक माणसाचं ‘कर्हाडे’ झालं होतं, कुऱ्हाडेंचं ‘कुर्हाडे’ आणि गोऱ्हेंचं ‘गोर्हे’.

हा फरक तुम्हाला किरकोळ वाटू नये म्हणून थोडं सांगतो. मराठीत अर्धा र दोन प्रकारे येतो. एक डोक्यावरचा रफार. दुसरा पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटणारा, आडव्या चंद्रकोरीसारखा. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, आपलं त्यावाचून पान हलत नाही. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. सरकारी यादीत कऱ्हाड्यांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं, की संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होतात. मग त्या माणसाला तालुक्याच्या ठिकाणी खेपा घालत आपण एकच आहोत हे सिद्ध करावं लागतं.

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा तो कन्व्हर्टर मी लिहिला आहे. साताऱ्यात माझे मामा एक साप्ताहिक चालवायचे. वीस वर्षांचे अंक संगणकावर होते, पण सगळे युनिकोडच्या आधीच्या काळातले. त्या काळी श्री-लिपी असो की सी-डॅकचा आयएसएम, प्रत्येकाची अक्षरं मांडायची रीत निराळी होती. युनिकोडचं चलन नव्हतं तेव्हा याच सोयींवर महाराष्ट्रातली कार्यालयं आणि छापखाने चालले. मामांनी नवा संगणक घेतला, फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसला. ‘माझं आयुष्य पुसलं गेलं की रे,’ असं ते म्हणाले. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिला कोड लिहिला. मामांचे अंक वाचता यायला लागल्यावर तो जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे तो प्रकाशकांनी वापरला, वर्तमानपत्रांनी वापरला, सरकारी कामं घेणाऱ्या कंपन्यांनी वापरला. मला त्याचा आनंद आहे, अभिमानही आहे.

त्या शुक्रवारी आलेल्या फाइलमधला फॉन्ट मी कधी पाहिलेलाच नव्हता. त्यात चंद्रकोरीच्या र ला दिलेला क्रमांक माझ्या तक्त्यात नव्हता. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ओळ कोणती हे शोधण्यात अख्खा शनिवार गेला आणि तिच्यामुळे दुसरं काही मोडत नाही ना, हे तपासण्यात रविवार. रात्री साडेअकराला नवी आवृत्ती बाहेर काढली. सोमवारी त्यांचं काम सुरळीत पार पडलं असावं. मंगळवारी दुसरा मेल आला: आणखी एक फॉन्ट चालत नाहीये.

तेव्हा मी त्यांना विचारलं, की तुमच्या कंपनीला माझ्याशी वर्षाचा देखभाल करार करता येईल का? चाळीस हजार रुपये, आणि अडचण आली की दोन दिवसांत उत्तर. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे मी मुद्दाम लिहितो. वित्त विभागाकडून मला व्हेंडर नोंदणीचा फॉर्म आला. त्यात जीएसटी क्रमांक, तीन वर्षांची उलाढाल, दोन ग्राहकांची शिफारस आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा मागितला होता. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या एका माणसासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. दोन महिन्यांनी त्यांनी लिहिलं, ‘सर, खूप प्रयत्न केला, सिस्टिममध्ये बसत नाहीये.’ त्यांच्यावर माझा राग नाही. ती सिस्टिम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. ते तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझ्या चाळीस हजारांसाठी हे लिहीत नाही. माझं पोट नोकरीवर चालतं. पण तुमच्या प्रत्येक सर्व्हरच्या, ॲपच्या, बँकेला नाहीतर विमा कंपनीला विकलेल्या प्रत्येक प्रणालीच्या पायात अशीच माणसं उभी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची दशा माझ्याहून बिकट आहे. त्यांच्या कामावर तुमच्या कंपनीचा पगार निघतो आणि त्यांना कंपनीकडून जातो तो तातडीचा मेल.

ही आपल्याकडचीच रीत आहे असंही नाही. कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं साधन स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळत आहेत. तुमच्या कंपनीत ते नाही असं शक्यच नाही. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली भयंकर त्रुटी जाहीर झाली, त्यानंतर एका बड्या कंपनीने स्टेनबर्गना प्रश्नावली धाडली आणि २४ तासांत उत्तरं मागितली. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्याचा लॉगफोरजेशी काडीचा संबंध नाही. त्या कंपनीने त्यांना कधी एक पैसाही दिलेला नव्हता. आपण सपोर्ट करार करा, मी आनंदाने उत्तरं देईन, असं त्यांनी कळवलं. मी ते वाचलं तेव्हा मला माझा शुक्रवार आठवला.

आता जरा मागे जाऊ या, २०१४ च्या एप्रिलमध्ये. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर काय करतं? ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं, त्यामागचं सांकेतिक भाषेचं काम जगातले असंख्य सर्व्हर याच्याकडून करून घेतात. ७ एप्रिलला त्यातली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. चूक समजायला सोपी आहे. दोन संगणकांचं बोलणं चालू असताना एकाने दुसऱ्याला ‘जागा आहेस ना?’ असं विचारायची सोय होती. विचारणाऱ्याने एक शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि समोरच्याने तोच शब्द परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं. म्हणजे चार अक्षरं पाठवून ‘ही चौसष्ट हजार आहेत’ अशी थाप मारली, की सर्व्हर बिचारा आपल्या स्मृतीत शेजारी पडलेलं जे काही असेल ते ओतून द्यायचा. त्यात पासवर्ड असायचे, सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याही असायच्या. कॅनडाच्या करखात्यातून याच वाटेने ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले. ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत त्या खात्याला ऑनलाइन सेवा बंद ठेवावी लागली.

हा कोड २०११ च्या ३१ डिसेंबरला मूळ प्रकल्पात दाखल झाला होता. आलेला कोड एका माणसाने तपासला आणि त्याच्याही नजरेतून ती चूक सुटली. लाखो ओळींच्या त्या प्रकल्पावर तेव्हा पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एकच. प्रकल्पाचा आर्थिक कारभार पाहणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं, की देणग्या वर्षाला साधारण २००० डॉलर यायच्या. जगभरातले व्यवहार ज्या कुलपावर विसंबून होते, त्याच्या देखभालीसाठी जगाने स्वेच्छेने दिलेली रक्कम ही एवढी. बाकी गाडा ही मंडळी सल्ल्याची आणि कराराची कामं करून ओढत होती, म्हणजे मूळ कोडकडे बघायला मिळणारा वेळ आणखी कमी.

बोभाटा झाल्यावर पैसे आले. लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि ॲमेझॉन, गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, इंटेल अशा कंपन्यांनी दर वर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर, असे तीन वर्षं द्यायचं कबूल केलं. ओपनएसएसएलला दोन पूर्णवेळ माणसांचा पगार मिळाला. मला यातून दिसतं ते असं: या कंपन्यांकडे आदल्या वर्षीही पैसे होते. द्यायची सोयही करता आली असती. पण हे कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हतं.

दहा वर्षांनी एक्सझेडचं प्रकरण झालं, आणि ते मला याहून जास्त लागलं. एक्सझेड हे फाइल आकसून लहान करणारं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कॉलिन नावाचे फिनलंडचे गृहस्थ वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होते, बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ च्या उन्हाळ्यात अनोळखी लोक त्यांच्या मागे लागले: कामं तुंबली आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. कॉलिन यांनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं. आपलं मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हा आपल्या छंदाचा, विनामोबदला प्रकल्प आहे, हे त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं. त्याच्या काही महिने आधीच ‘जिया टॅन’ नावाने वावरणारी कोणी व्यक्ती मदतीला धावून आली होती. चांगले पॅच दिले, चिकाटीने विश्वास कमावला, सहदेखभालकर्त्याचे अधिकार मिळवले. आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बेमालूम बसवला. त्यातून सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची जी वाट असते तीच ताब्यात येणार होती.

ते सापडलं ते एका माणसाच्या चौकसपणामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर, पोस्टग्रेस डेटाबेसचे जुने जाणते. चाचण्या घेताना त्यांना दिसलं, की लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडला नाही. २९ मार्चला त्यांनी सगळं उघड केलं. तोवर त्या आवृत्त्या मुख्य लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचल्या नव्हत्या, म्हणून सगळे वाचलो.

कॉलिन यांना पगार मिळत असता तर हे नक्की टळलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण थकलेल्या, एकट्या माणसाच्या दाराशी मदतीला कोणीच नसताना जो पहिला हात पुढे येतो, तो धरला जातो. तो हात आपल्यापैकी कोणाचा असू शकला असता. ज्या हजारो कंपन्या ते साधन वापरत होत्या, त्यांच्यातल्या एकीने एक इंजिनिअर आठवड्यातून एक दिवस दिला असता तरी कॉलिन एकटे उरले नसते.

आपल्या भाषेची यात एक मोठी सोय आहे. इंग्रजीत स्वातंत्र्यालाही ‘फ्री’ म्हणतात आणि पैसे न लागण्यालाही, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं खुलासे चालू आहेत. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरायची, उघडून पाहायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक. ते विकायलाही जीपीएलची आडकाठी नाही. ‘फुकट’ हा अर्थ आपण वापरणाऱ्यांनी त्याला चिकटवला, कारण तो सोयीचा होता.

दुसरा चुकीचा शब्द ‘देणगी’. मी अनेक कंपन्यांमधल्या लोकांशी या विषयावर बोललो. चांगली माणसंही लगेच सीएसआरकडे वळतात. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, त्यातून काही करता येईल का, असं विचारतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: तो पैसा शाळांना, दवाखान्यांना, पाण्याच्या कामांना जाऊ द्या. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ओपन सोर्सचं नाव नाही, आणि कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. तो धरूही नये. ज्या डेटाबेसवर तुमचा धंदा उभा आहे त्याची निगा राखणं हा धर्मादाय नाही, धंद्याचा खर्च आहे.

गणपतीची वर्गणी आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा. वर्गणी मनाला येईल तेवढी द्यायची, नाही दिली तरी मंडळाचा कार्यकर्ता हसून पुढच्या दाराकडे जातो. मेंटेनन्सचं तसं नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, रखवालदार यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. तळमजल्यावरचा ‘मी लिफ्ट वापरत नाही’ म्हणाला तरी त्याला भरावा लागतो. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याचा हिशेब ठरवून दिलेला आहे: दुरुस्ती निधी वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का, आणि थकबाकीवर व्याज. सिंकिंग फंड कशासाठी? इमारत आज धडधाकट आहे, पण वीस-तीस वर्षांनी मोठं काम निघणार, तेव्हा ऐनवेळी झोळी फिरवायला लागू नये म्हणून. एका पिढीने ही शहाणपणाची तरतूद कागदावर आणली, आणि आपण सगळे दर महिन्याला कुरकुर न करता ती पाळतो. तुमची कंपनी ज्या इमारतीत राहते तिच्या दगडविटा सॉफ्टवेअरच्या आहेत. तिचा दुरुस्ती निधी कुठे आहे?

हे जमतं, आणि फार चांगलं जमतं, याचा मला सगळ्यात आवडता दाखला ब्लेंडरचा. त्रिमिती ॲनिमेशनचं हे सॉफ्टवेअर नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांनी उभं केलं. २००२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या, कोड खुला करतो. रोझेंडाल यांनी वापरणाऱ्यांनाच हाक घातली आणि सात आठवड्यांत ती रक्कम जमली. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर जीपीएलखाली मुक्त झालं. इथपर्यंतची गोष्ट वर्गणीचीच आहे. खरं शहाणपण पुढे दिसतं. ॲमस्टरडॅममधल्या ब्लेंडर फाउंडेशनने कायमचा विकास निधी सुरू केला, त्यात दरमहा थोडे युरो भरणारे एकटे कलाकारही आले आणि वर्षाला मोठी रक्कम देणाऱ्या कंपन्याही. २०१९ मध्ये एपिक गेम्सने १२ लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. फाउंडेशन स्वतः लघुपट काढत राहिलं, त्यात कलाकारांना काय अडतं ते प्रोग्रॅमरांना शेजारच्या खुर्चीवरून कळत गेलं आणि सॉफ्टवेअर सुधारत गेलं. आज तिथे पगारी माणसं काम करतात. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये बनला आहे. मोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांच्या पंक्तीत तो पहिला आला.

एसक्यूलाइटची वाट वेगळी. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेला हा छोटा डेटाबेस तीन-चार माणसं सांभाळतात. त्याचा कोड कोणीही, कशाहीसाठी वापरावा. पण ज्या कंपन्यांचं त्यावाचून चालत नाही त्यांनी एक संघ केला आहे, वार्षिक सभासदत्व भरलं की मूळ लेखकांचं थेट साहाय्य मिळतं. त्या जोरावर त्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचं वचन दिलं आहे. मुंबईत फ्रापे कंपनीने आपलं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली खुलं ठेवून, होस्टिंग आणि सेवा विकून आपला संसार उभा केला. रुशभ मेहता आणि त्यांचे सहकारी हे काम इथे, आपल्याच राज्यात करत आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड काढला, कारण रस्ते-पुलांसारख्याच या पायाभूत सोयी आहेत हे त्यांना पटलं. आणि बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दर वर्षी दहा लाख डॉलर जगभरातल्या मुक्त प्रकल्पांना द्यायचं जाहीर केलं, प्रत्येकी दहा हजार ते एक लाख डॉलर. ती शेअर दलाली करणारी कंपनी. तुमचा तर धंदाच सॉफ्टवेअरचा आहे.

पैशाच्या जागी माणसं देता आली तरी उत्तमच. रेड हॅटच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं पगारी वेळेत सांभाळले. अँड्रॉइड फोनवर देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात ती हार्फबझ या मुक्त लायब्ररीमुळे. कऱ्हाड्यांच्या आडनावातली चंद्रकोर जागच्या जागी बसते तीही तिच्यामुळेच. ती घडवणारे बेहदाद एस्फहबोद इराणी-कॅनेडियन, मराठी त्यांची भाषा नव्हे. तरी आपला र नीट उमटतो, कारण रेड हॅट आणि गूगल या कंपन्यांनी त्यांना त्याच कामाचा पगार दिला. मराठीची ही सेवा पगाराच्या स्लिपमधून झाली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोणाला किती द्यायचं हे कसं ठरवणार, असा रास्त प्रश्न येईल. यादी तुमच्याकडे तयार आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये एसबीओएमची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीची मार्गदर्शक सूचना काढली. सेबीच्या सायबर सुरक्षेच्या चौकटीतही ही यादी मागितली आहे. तुमच्या सुरक्षा विभागाने ग्राहकांसाठी ती बनवायला घेतलीच असेल. आजवर ती यादी त्रुटी शोधायला वापरली, आता तीच घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: हे कोण सांभाळतं, किती जण आहेत, त्यांना पगार कोण देतं. एका माणसावर उभे असलेले प्रकल्प अर्ध्या दिवसात डोळ्यांपुढे येतील.

रकमेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या सेंट्री कंपनीने सुरू केलेल्या ओपन सोर्स प्लेजमध्ये दर डेव्हलपरमागे वर्षाला किमान २००० डॉलर द्यायचे असतात. आपल्याकडच्या नफ्याच्या गणितात ते आज बसणार नाही, हे मला कळतं. दर डेव्हलपरमागे वर्षाला पाच हजार रुपयांनी सुरुवात करा. पाचशे डेव्हलपरांच्या कंपनीला ते पंचवीस लाख होतात, एका अनुभवी इंजिनिअरच्या वार्षिक पगाराइतके. ते पन्नास ठिकाणी चिमूट-चिमूट वाटू नका. दहा प्रकल्प निवडा आणि तीन वर्षांचा शब्द द्या. देखभाल करणाऱ्याला एकरकमी मोठ्या चेकपेक्षा पुढच्या वर्षीची खात्री जास्त लागते. त्या खात्रीवर तो नोकरीतला एक दिवस सोडू शकतो.

आणि तो व्हेंडरचा फॉर्म बदला. ‘व्यक्ती, मुक्त सॉफ्टवेअर देखभालकर्ता’ असा एक प्रकार त्यात घाला. त्याला उलाढाल विचारू नका, पॅन क्रमांक आणि बँकेचा तपशील पुरे. परदेशी रक्कम पाठवायची तर सीएचं प्रमाणपत्र आणि करविषयक फॉर्म लागतात, एका इंजिनिअरला ते जमत नाही, तुमच्या वित्त विभागाला ते रोजचं काम आहे. वर्षातून एकदा दहा जणांसाठी त्यांनी ते करावं, असं तुम्ही लेखी सांगा. तुमच्या सहीचं पत्र असल्याशिवाय खालचा कोणीही हे अंगावर घेणार नाही, मी पाहिलं आहे.

माझे मामा आता नाहीत. त्यांच्या साप्ताहिकाचे वीस वर्षांचे अंक आहेत, शोधता येतात, आणि साताऱ्यातला र त्यात नीट उमटतो. ज्या लायब्ररींच्या जोरावर माझा कन्व्हर्टर चालतो त्यांतली एक सांभाळणाऱ्या बाईंनी मागच्या महिन्यात कळवलं, की आता वेळ देणं शक्य नाही, कोणी पुढे येत असेल तर कळवा. अजून कोणी आलेलं नाही.

तुमच्या पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्या. यादीतली पहिली दहा नावं निवडा आणि ३१ मार्चच्या आत त्यांच्या खात्यात पैसे पोचू द्या.

आपला,
मुक्त सॉफ्टवेअरचा एक देखभालकर्ता, पुणे